बारा फुटांवरचं दार

दादा जाऊन दीड महिना झाला तरी मला काही वाटत नव्हतं. खोटं कशाला सांगू? सकाळी उठत होतो, दाढी करत होतो, खाली येऊन दुकान उघडत होतो. ताट पुढ्यात आलं की जेवत होतो. काय जेवलो विचारलं असतंत तर सांगता आलं नसतं. येणारे-जाणारे म्हणायचे, "एकदा रडून घ्या हो, मोकळं वाटेल." जसं काही रडणं म्हणजे नळ आहे, पिळला की सुरू. एका गिऱ्हाइकाला तर मी म्हटलं, "तुमचा कॅमेरा तयार आहे, तो घ्या आणि निघा." बिचारा निघाला.

आमचं दुकान म्हणजे घराच्या खालची अरुंद खोली. दोन टेबलं, दोन दिवे, भिंतभर खण, आणि त्या खणांत मेलेल्या कॅमेऱ्यांचे अवयव. आम्ही फिल्मचे जुने कॅमेरे दुरुस्त करतो. नव्या कॅमेऱ्यांना आम्ही हात लावत नाही, आणि लावायला गेलो तर ते लावू देत नाहीत. तीस वर्षं आम्ही दोघे भाऊ समोरासमोर बसलो. आता समोरचं टेबल रिकामं होतं आणि मी त्यावर पेचकस ठेवायला लागलो होतो, कारण जागा वाया का घालवा.

दादाचा एक नियम होता. ज्याने कॅमेरा उघडला त्याने तो तपासायचा नाही. उघडायचो मी, तपासायचा तो. त्याचं म्हणणं, आपण केलेल्या कामात आपल्याला खोट दिसतच नाही. स्वतःचं पोर कुणाला नकटं दिसतं का? मी जोडून दिलेला कॅमेरा घेऊन तो दुकानाच्या दारात जायचा. रस्त्यापलीकडे, दोन घरं सोडून, पाण्याची उंच टाकी आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात आकडे रंगवलेत. दादा आधी त्या आकड्यांवर फोकस करायचा. लांबचं बरोबर आलं की मग जवळचं बघायचा, माझ्या नाकावर फोकस धरून. मग म्हणायचा, "चालू दे." त्याने चालू दे म्हटलं की कॅमेरा गिऱ्हाइकाच्या हातात. तीस वर्षांत मी एकदाही टाकीकडे बघितलं नाही. तो बघतोय म्हटल्यावर मी कशाला बघू?

बुधवारी दुपारी टिल्ली खाली आली. टिल्ली म्हणजे दादाची मुलगी. लहानपणी वीतभर होती म्हणून टिल्ली. आता माझ्या डोक्यावरून पलीकडचं बघते, तरी टिल्लीच. चोवीस वर्षांची. कॅमेरा तिने बापाकडून शिकलेला, आणि शिकलेला म्हणजे शिकलेला. वस्तुसंग्रहालयात फोटो काढायची नोकरी तिला लागली होती. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं, येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. घरात गेल्या सहा महिन्यांत घडलेली ती एकच चांगली गोष्ट.

तिने तिचा कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवला.

"काका, हा विकून टाक."

"का? याने काय घोडं मारलं?"

"याने नाही. मी मारलं."

कॅमेऱ्याशेजारी तिने निगेटिव्हच्या पट्ट्या ठेवल्या. सहा पट्ट्या, छत्तीस फोटो. दादाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत ती त्याच्या खोलीत बसून फोटो काढायची. रोज एक, कधी दोन. दादाला ते आवडायचं म्हणे. एरवी आमच्या घरात फोटोंचा दुष्काळ. जन्मभर कॅमेरे दुरुस्त केले, पण आम्हा दोघांचा धड फोटो कुठे असेल तर शपथ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"काल धुतला रोल," टिल्ली म्हणाली. "महिनाभर हात लावायचं धाडस झालं नाही. छत्तीसच्या छत्तीस गेले. सगळे हललेत. आई म्हणाली, त्यातला एक मोठा करून दे मला. काय देऊ तिला? पलंगावरचा ढग?"

"ट्रायपॉड वापरायचा होतास."

"काका, मी श्वास रोखून काढायचे. हात पोटाशी घट्ट धरून. मला वाटायचं हात स्थिर आहे. म्हणजे थरथरत होता आणि मला कळतही नव्हतं." ती स्वतःच्या हाताकडे बघत होती. "संग्रहालयाला नाही म्हणून कळवते. जिला पाच फुटांवरचा स्वतःचा बाप टिपता आला नाही, तिने दोन हजार वर्षांची मडकी टिपायची? लोक हसतील."

त्यावर काका या नात्याने मी काहीतरी बोलायला हवं होतं. हात पाठीवर ठेवायला हवा होता. मी म्हटलं, "बरं. ठेव तिथे."

ती जिना चढून वर गेली. माणूस म्हणून मला शून्य मार्क, कबूल आहे.

निगेटिव्ह मी बघितली ती सवयीने. समोर पट्टी पडली की मी दिव्याच्या काचेवर ठेवतो आणि भिंग डोळ्याला लावतो, त्यात विशेष काही नाही. पहिल्या फोटोत दादा होता. म्हणजे असणार. उशी, उशीवर डोक्याच्या आकाराचा डाग, खांद्याचा उतार. तो कुशीवर झोपायचा, तोंड टिल्लीकडे. टिल्ली खिडकीला पाठ करून स्टुलावर बसायची, कायम त्याच जागी. उजेडाने त्याच्या डोळ्यांना त्रास व्हायचा म्हणून पडदा ओढलेला असायचा. एवढ्या अंधुक उजेडात लेन्स पूर्ण उघडी ठेवावी लागते, आणि तशी ठेवली की वीतभर जागाच काय ती स्पष्ट येते. पुढचं-मागचं सगळं पुसट.

दुसरा फोटो तसाच. तिसरा तसाच. चौथ्यावर मी थांबलो.

हात हलला की फोटोतलं सगळंच हलतं. उशी हलते, भिंत हलते, दिवा असेल तर त्याची शेपटी निघते. इथे काहीही ओढल्यासारखं दिसत नव्हतं. दादा पुसट होता, पण फरफटलेला नव्हता. हे काम हाताचं नव्हतं. हा फोकस चुकलेला होता, आणि फोकस चुकतो म्हणजे तो दुसरीकडे कुठेतरी बसलेला असतो. मी भिंग सरकवत मागे गेलो. दादाच्या पाठीमागे खोलीचं दार होतं. दाराची कडी स्वच्छ होती. बिजागरीचे तीन स्क्रू मोजता आले. आणि दारात एक माणूस उभा होता, सदऱ्याच्या बटणांसकट.

निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं. त्यामुळे क्षणभर वाटलं, हा काळ्याभोर केसांचा तरणाबांड गडी कोण आपल्या घरात? मग त्याच्या हातातला पेचकस दिसला. तो मी होतो.

पुढचा फोटो बघितला. दादा पुसट, मी दारात. त्याच्या पुढच्यात दार रिकामं, पण कडी स्वच्छ. त्यानंतर पुन्हा मी. भिंग ठेवलं आणि मोजपट्टी घेऊन वरती गेलो. वहिनी स्वयंपाकघरात होत्या, टिल्लीच्या खोलीचं दार लावलेलं होतं. दादाच्या खोलीत जायची काही मला हौस नव्हती, पण काम होतं म्हणून गेलो. पलंग आवरलेला. स्टूल खिडकीशी तसंच. स्टुलापासून उशी पाच फूट. स्टुलापासून दार बारा फूट. मापं घेतली आणि खाली आलो.

आता हे समजायला थोडं कॅमेऱ्यातलं सांगावं लागेल. टिल्लीचा कॅमेरा आरशाचा. लेन्समधून आलेला उजेड आतल्या आरशावर आपटतो आणि वरच्या एका काचेवर पडतो. आपण डोळा लावतो तेव्हा बघतो ती त्या काचेवरची प्रतिमा. तीच बघून रिंग फिरवायची, फोकस करायचा. बटण दाबलं की आरसा उडतो, आणि तोच उजेड मागे फिल्मवर जातो. म्हणजे लेन्सपासून काच आणि लेन्सपासून फिल्म, दोन्ही अंतरं अगदी सारखी हवीत. केसाचाही फरक चालत नाही. त्या काचेची एक बाजू खरखरीत असते आणि एक गुळगुळीत. प्रतिमा उमटते ती खरखरीत बाजूवर, म्हणून ती खाली, आरशाकडे हवी. काच उलटी बसली तर तिच्या जाडीचा फरक पडतो. जाडी किती, तर दीड मिलिमीटर.

दीड मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्याने पाच फुटांवर धरलेला फोकस फिल्मवर बारा फुटांवर जाऊन बसतो.

मी कॅमेऱ्याचं वरचं टोपण काढलं. काचेवर नख फिरवलं. वर खरखर लागली.

ही काच कुणी बसवली ते आठवायला मला कष्ट पडले नाहीत. आरशाच्या वरचा स्पंज जुना झाला की त्याचा चिकट भुगा होतो आणि काचेवर पडतो. तो साफ करायला टिल्लीने कॅमेरा माझ्याकडे दिला होता, दादाचे फोटो काढायचे म्हणून. मी काच बाहेर काढून पुसत होतो तेव्हा वहिनी दुकानात आल्या. डॉक्टरांकडून आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, आता घरीच ठेवा म्हणाले." मी म्हटलं, "बरं." आणि काच बसवली. हात आपोआप चालत होते. तीस वर्षांत अशा हजारभर काचा बसवल्या असतील, डोळे मिटून बसवीन अशी घमेंड होती. डोळे मिटूनच बसवली.

आणि तपासायचं काय? नियम तो नियम. कॅमेरा घेऊन मी वर गेलो आणि टिल्लीच्या हाती आत पाठवला. मी दारातच थांबलो. दादाने कुशीवर पडल्या पडल्या कॅमेरा डोळ्याला लावला. हात कापत होते, टिल्लीने खालून आधार दिला. समोर टाकी नव्हती, ओढलेला पडदा होता. त्याने टिल्लीच्या तोंडावर फोकस धरला. बराच वेळ रिंग पुढे-मागे केली. जवळचं त्या उलट्या काचेवरही लख्ख दिसतं. डोळ्याला काच जे दाखवते तेच खरं वाटतं, फिल्मवर काय पडतंय ते कळायला मार्ग नाही. लांबची टाकी बघितली असती तर एका क्षणात कळलं असतं. रिंग शेवटपर्यंत फिरवूनही टाकी कधी स्पष्ट झाली नसती. ती दिसणार खाली दुकानाच्या दारातून, आणि दादा वर पलंगावर. "चालू दे," दादा म्हणाला. मी दारातून ऐकलं आणि खाली आलो.

टिल्लीने एकदा जरी दारातल्या माणसावर फोकस धरून बघितला असता, तरी चूक तेव्हाच उघडी पडली असती. मी तिला कधीच स्पष्ट दिसलो नसतो. पण बाप समोर असताना दारात उभ्या असलेल्या माणसावर फोकस कोण धरतं?

तर असं सगळं माझ्या टेबलावर उघडं पडलेलं होतं आणि मला काय वाटलं म्हणाल, तर काही नाही. डोकं मात्र चालत होतं. काच सुलटी करायला दोन मिनिटं. वर टोपण, चार स्क्रू. मग कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. टिल्लीला सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. एक, काकाने तुझ्या बापाचे शेवटचे फोटो मातीत घातले. दुसरी, तुझ्या बापाचं शेवटचं 'चालू दे' चुकलं. तीस वर्षांत जे कधी झालं नाही ते. गेलेल्या माणसाच्या कामाला बट्टा कशाला लावा? पोरीला वाईट वाटेल. झालं ते झालं. फोटो काही परत येणार नाहीत. माणसाला गप्प बसायचं असलं की कारणांना काय तोटा?

मी काच सुलटी केली. टोपण बसवलं. दोन स्क्रू पिळले.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. कप टेबलाच्या कडेला ठेवला आणि पट्ट्यांकडे बघून म्हणाल्या, "निघाला का एखादा?"

"नाही."

"राहू दे मग. फोटोवाचून काही अडत नाही." असं म्हणाल्या, पण त्या उभ्याच राहिल्या. "भाऊजी, ती पत्र लिहायला बसली आहे. नोकरी नको म्हणून. मी पुष्कळ सांगितलं, ऐकत नाही. सकाळपासून बघते आहे मी, चहाचा कप हातात धरते आणि हलतो का ते बघत बसते. चहा गार होतो. चोवीस वर्षांची पोर हो, म्हातारीसारखी हात बघत बसते."

"तिच्या हाताला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"मग मला काय सांगता? तिला सांगा." आणि त्या वर गेल्या.

मी शिव्या घातल्या, कुणाला ते सांगता येणार नाही. मग ते दोन स्क्रू पुन्हा काढले. टोपण काढलं. काच होती तशी, म्हणजे चुकीची, परत उलटी बसवली. नुसतं तोंडाने सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, काका समजूत घालतोय. टिल्ली कुणाच्या समजुतीने ऐकणारी नाही, बापासारखी आहे. जिन्यात जाऊन हाक मारली.

ती आली तेव्हा बोटांना शाई होती.

"दारात ये," मी म्हणालो. "टाकीवर फोकस कर."

"विकायच्या आधी परीक्षा घेतोस की काय माझी?"

"कर म्हणतो ना."

तिने कॅमेरा डोळ्याला लावला. रिंग फिरवली. रिंग शेवटाला जाऊन थांबली. तिने मागे घेतली, पुन्हा पुढे नेली.

"स्पष्ट होत नाही," ती म्हणाली. "आकडेच दिसत नाहीत. रिंग संपली."

"नाही होणार. आतली काच उलटी आहे. मी बसवली."

ती कॅमेरा डोळ्याला लावूनच उभी राहिली. बापाची मुलगी, पुढचं मला समजावून सांगावं लागलं नाही. कॅमेरा खाली आला तेव्हा तिचा हिशेब झालेला होता.

"कधी?"

"भुगा साफ केला तेव्हा. तुझ्या पहिल्या फोटोच्या आधी."

"बाबांनी तपासला होता."

"तपासला. पलंगावरून. पडदा ओढलेल्या खोलीत. दादाला टाकी कुठून दिसणार होती? ते मला कळायला हवं होतं. त्याने त्याच्याकडून बरोबर बघितलं. जेवढं दिसत होतं तेवढं बरोबरच होतं. चूक माझी आहे, पहिली पण आणि दुसरी पण."

"मग तू का नाही बघितलंस? पाच पावलांवर दार आहे तुझ्या! पाच पावलं, काका!"

"उघडलेला मी कधी तपासत नाही. नियम..."

"खड्ड्यात गेला नियम!" तिने टेबलावर हात आपटला. स्क्रूंची वाटी उलटली, स्क्रू जमिनीभर गेले. "माणूस मरायला टेकलंय आणि तुम्ही दोघे नियम पाळत बसलात! मी महिनाभर त्या रोलला हात लावला नाही. वाटायचं, बाबा आहेत त्यात. डब्यात आहेत, सुरक्षित आहेत. नव्हतेच ते. पहिल्या दिवसापासून नव्हते."

सॉरी म्हणायचं असतं ते माहीत होतं, पण तो शब्द एवढ्याशा स्क्रूसारखा, कुठेतरी घरंगळून गेलेला. शेवटी म्हटलं, "फार वाईट केलं मी तुझं. मला माफ करू नकोस वाटलं तर. पण हाताचं डोक्यातून काढ. छत्तीसच्या छत्तीस फोटो तू काचेवर अचूक धरले होतेस. एकही हललेला नाही. मी भिंगाने बघितलंय. त्या उजेडात माझ्याच्यानेही झाले नसते."

"खोटं बोलतोयस."

"निगेटिव्ह समोर आहे, बघ की."

ती बघायला गेली नाही. आधी तिने माझ्या खुर्चीवर बसून कॅमेरा उघडला, चिमट्याने काच काढली, नखाने बाजू बघितली, सुलटी करून बसवली. मग दारात गेली. रिंग फिरवली. बराच वेळ तशीच उभी राहिली. तिची पाठ माझ्याकडे होती, कोपर पोटाशी घट्ट, आणि कुठे काही हलत नव्हतं.

"दिसले आकडे," ती म्हणाली.

"सोमवारी जाशील ना?"

"जाईन. तुला विचारून नाही जाणार." नाक पुसून ती आत आली. "पत्र फाडते. आईला मी सांगते काय ते, तू नको मधे बोलूस. तुला धड सांगता येत नाही काही."

"बरं."

आता ती वर जाईल असं वाटलं. मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. पण तिने दिव्यावर पट्टी ठेवली, भिंग उचललं आणि मी जसा मागे मागे गेलो होतो तशीच गेली. उशी, खांदा, भिंत. दारापाशी भिंग थांबलं. पुढची पट्टी घेतली. मग पुढची. सहाही पट्ट्या तिने बघितल्या. मी खाली बसून स्क्रू गोळा करत होतो.

"एकोणीस फोटोंत तू आहेस," ती म्हणाली.

"वर चक्कर मारायचो. बघून जायचो."

"आत एकाही फोटोत नाहीस."

एक स्क्रू टेबलाखाली दूर गेला होता, तो काढायला वाकलो.

"काका, वर बघ. आत का नाही आलास?"

खरं म्हणजे हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःही नाही. वर बघितलं आणि जे आलं ते बोललो. "भीती वाटायची."

"कसली? बाबांची?"

"तो 'बस' म्हणेल याची. बसलो असतो तर बोलावं लागलं असतं. तो विचारणार, माझं टेबल कुणाला देणार. काय सांगणार होतो मी त्याला? दारातून बरं होतं. दारातून तो झोपल्यासारखा दिसायचा."

टिल्लीने डोळे मिटले, उघडले. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता आणि तिथे दुसरं काहीतरी आलं होतं, आणि त्याची मला रागापेक्षा जास्त भीती वाटली.

"तू आलास की दारात तुझ्या पायाखालची फळी वाजायची," ती म्हणाली. "बाबांना मान वळवता येत नव्हती. पाठ तुझ्याकडे. मला विचारायचे, कोण आहे गं? तो आला का?"

"मग?"

"मी म्हणायचे, कोणी नाही. फळी अशीच वाजली. काका दुकानात आहे, काम फार आहे त्याला." ती हळू बोलत होती, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा. "तू तिथे उभा आहेस आणि आत येत नाहीस, हे कसं सांगणार त्यांना? त्यापेक्षा तू आलाच नाहीस हे बरं, असं वाटलं मला. तूही चूक केलीस, मीही केली. तू उभा होतास एवढं तरी मी सांगायला हवं होतं."

माझ्या मुठीत गोळा केलेले स्क्रू होते. ते टोचत होते आणि मला मूठ उघडता येईना. छातीत दुखलं. दीड महिन्यात पहिल्यांदा काहीतरी दुखलं, आणि चांगलंच दुखलं.

"किती वेळा विचारलं त्याने?" मी म्हणालो.

टिल्लीने भिंग खाली ठेवलं.

"रोज," ती म्हणाली.